शाब्लीची पांढरी वाइन : गुण मातीचा कीं हाताचा ?

हा मथळा वाचून आमच्या वाचक-कुटुंबांतील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. म्हणून आरंभींच सांगून टाकतों कीं, मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्ही स्वतः त्या वाटेस गेलेलों नाहीं, आणि चवीविषयीं जें कांहीं पुढें येईल तें त्या विषयांतील जाणत्यांच्या साक्षीवरून लिहिलेलें आहे. परंतु ज्या प्रश्नासाठीं आम्ही हा विषय हातीं घेतला तो प्रश्न मात्र आपल्या माजघरांतला आहे. आणि त्याचें उत्तर शोधण्यास फ्रान्स देशांतील एका लहानशा गांवाइतकी सोयीची जागा दुसरी नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

प्रश्न असा. एकाच घरांत, एकाच डब्यांतील तुरीची डाळ, तोच गोडा मसाला, तीच चिंच आणि तोच गूळ. तरी थोरल्या जाऊबाईंच्या हातची आमटी आणि धाकटीच्या हातची आमटी पानावर पडतांक्षणीं ओळखूं येते. तेथें आपण 'हाताची चव' असें म्हणतों. उलट आंबेमोहोर तांदूळ मुळशी-मावळकडचाच हवा, हापूस देवगड-रत्नागिरीकडचाच हवा, असा हट्ट धरतांना आपण 'मातीचा गुण' असें म्हणतों. दोन्ही वाक्यें आपण एकाच पंक्तीला बसून बोलतों, आणि दोहोंत कांहीं विरोध आहे असें कोणास वाटत नाहीं. पण मातीचा वांटा किती आणि हाताचा किती, हें निवडून दाखवा असें कोणीं म्हटलें, तर काय उत्तर द्यावें?

वाइनच्या बाबतींत युरोपांतील लोकांनीं हा प्रश्न नुसता जेवणाच्या वेळच्या गप्पांपुरता ठेवला नाहीं. त्यावर त्यांनीं कायदे केले, तंटे मांडले, आणि प्रसंगीं दंगेहि केले. फ्रेंच भाषेंत 'तेर्वार' असा एक शब्द आहे. जमीन, उतार, ऊन, वारा, पाऊस ह्या सर्वांचा मिळून एखाद्या जागेला जो स्वभाव येतो त्याला तें नांव देतात, आणि तो स्वभाव पेल्यांत उतरतो असें मानतात. पांढऱ्या वाइनींत तो सर्वांत स्वच्छ दिसतो असा समज आहे, आणि त्यास कारणहि आहे. तांबडी वाइन करतांना काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवतात. रंग, तुरटपणा आणि पुष्कळसा भारदस्तपणा त्या सालींतून येतो. पांढरी करतांना द्राक्षें प्रथम दाबून रस वेगळा काढतात आणि तो एकटाच आंबवतात. सालीचा पडदा मध्यें नाहीं, तेव्हां रसाचें खरें रूप दिसणार, असा हा हिशेब आहे. (हा रस काळ्या द्राक्षांचाहि चालतो, कारण त्यांचा गर बहुधा पांढराच असतो. शँपेन तयार करतांना असा रस सर्रास वापरतात.)

आम्ही म्हणतों तें गांव म्हणजे शाब्ली. पॅरिसच्या आग्नेयेस सुमारें १८० किलोमीटरवर, बर्गंडी प्रांताच्या उत्तर टोकाशीं, सरैं नांवाच्या लहान नदीच्या कांठीं तें वसलें आहे. जवळच पोंतिन्यी येथें १११४ सालीं सिस्टर्सियन पंथाच्या साधूंनीं मठ स्थापिला, आणि येथील द्राक्षबागा वाढविण्यांत त्या मठाचा मोठा हात होता. येथें शार्दोने ह्या एकाच जातीचें द्राक्ष लावतात. दुसऱ्या जातीच्या वाइनीस कायद्यानें शाब्ली म्हणतां येत नाहीं. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें ही मोठीच सोय झाली, कारण बियाण्याचा वाद आपोआपच मिटला.

बागांच्या मानाच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत वरची 'ग्राँ क्रू'. ही म्हणजे नदीच्या उजव्या तीरावर, नैर्ऋत्येकडे तोंड करून उभा असलेला एकच डोंगरउतार. क्षेत्र अवघें १०० हेक्टरांच्या आसपास, आणि त्याचे ले क्लो, वाल्म्यूर, ब्लांशो वगैरे सात भाग. त्याखालोखाल 'प्रमिये क्रू', मग नुसती शाब्ली, आणि सर्वांत शेवटीं 'प्ती' म्हणजे धाकटी शाब्ली. गंमत अशी कीं, मानानें जी सर्वांत खालची ती जागेनें सर्वांत वरची आहे. धाकट्या शाब्लीच्या बागा बहुधा टेकड्यांच्या माथ्यावरील सपाटीवर आहेत.

ह्या मानपानाचें कारण खडकांत आहे असें सांगतात. सुमारें १५ कोटि वर्षांपूर्वीं ह्या प्रदेशावर उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशीं चिखलाचे आणि चुन्याचे थर एकावर एक सांचत गेले, आणि त्यांत असंख्य लहान कालवें गाडलीं गेलीं. कालव म्हणजे आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटलेला असतो तोच शिंपल्यांतील जीव. फक्त हीं कालवें नखाएवढीं आणि स्वल्पविरामासारखीं वांकडीं. आजहि उतारावरचें एखादें ढेकूळ फोडलें तर आंत त्यांचा खच सांपडतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यांत किमेरिज नांवाचें गांव आहे, त्यावरून ह्या थरास किमेरिजियन म्हणतात. त्याच्यावर टणक चुनखडीचा दुसरा एक थर आहे. त्याला पोर्टलंडियन हें नांव पडलेलें आहे. उतार किमेरिजियनचा आणि माथा पोर्टलंडियनचा, अशी वांटणी झाली. आणि थोर वाइन ती किमेरिजियनची, हें येथें पिढ्यान् पिढ्या घोकलें गेलें.

आतां चाखणाऱ्यांची साक्ष ऐका. शाब्ली ही आंबट, गोडवा मुळींच नसलेली आणि सडसडीत बांध्याची असते असें ते म्हणतात. हिरव्या सफरचंदाची किंवा लिंबाच्या सालीची तींत आठवण होते, आणि घोट गिळल्यावर जिभेवर ओल्या दगडासारखें, खडूसारखें, समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यासारखें कांहींतरी मागें उरतें. कोणी तिला चकमकीच्या गारगोटीचा वास येतो म्हणतात. फ्रेंच लोक ती ताज्या कालवांबरोबर घेतात. झालें ! जमिनींत कालवें, ताटांत कालवें, आणि पेल्यांत समुद्राचा वास. वेलीचीं मुळें पुरातन समुद्राच्या तळांत शिरलीं आणि तेथली चव वर घेऊन आलीं, ही कथा मग कोण नाकारणार? आम्हांला मात्र इतक्या सुबक जमलेल्या कथेचा थोडा संशयच येतो.

तो संशय शास्त्रीय भाषेंत मांडण्याचें काम वेल्समधील भूशास्त्रज्ञ अॅलेक्स मॉल्टमन यांनीं केलें आहे. अबरिस्टविथ विद्यापीठांत त्यांनीं भूशास्त्र शिकविलें, आणि द्राक्षमळे, खडक व माती यांच्या संबंधावर त्यांचा मोठा ग्रंथ २०१८ सालीं ऑक्सफर्ड येथून प्रसिद्ध झाला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. वेल खडक पीत नाहीं. ती पाण्यांत विरघळलेलीं पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखीं द्रव्यें अत्यल्प प्रमाणांत घेते, आणि तींहि बहुतांशीं कुजलेल्या पाल्यापाचोळ्यांतून परत फिरलेलीं असतात. वाइनींत उतरणारा त्यांचा अंश इतका थोडा असतो कीं, तो जिभेस कळणें अशक्यप्राय आहे. बरें, खडकाला स्वतःची चव तरी कोठें आहे? चुनखडीचा खडा स्वच्छ धुऊन तोंडांत धरला तर थंडपणापलीकडे कांहींच लागत नाहीं. गारगोटीच्या वासाचा धागा आंबतांना व मुरतांना तयार होणाऱ्या गंधकयुक्त द्रव्यांपाशीं पोंचतो. आणि जाणते ज्याला दगडी चव म्हणतात तिच्या मुळाशीं बरीचशी झणझणीत आंबटाई व फळांच्या वासाचा अभाव असतो.

ओल्या दगडाच्या वासाविषयीं येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पहिल्या पावसाच्या सरीनंतर जो वास येतो त्याला आपण मृद्गंध म्हणतों. १९६४ सालीं ऑस्ट्रेलियांतील इझाबेल बेअर व रिचर्ड टॉमस ह्या दोघा शास्त्रज्ञांनीं त्याचा छडा लावला. कोरड्या दिवसांत वनस्पतींतून निघून मातीवर व दगडांवर बसलेलीं तेलें पावसाच्या थेंबांबरोबर हवेंत उडतात. त्यांत मातींतील सूक्ष्म जीवांनीं केलेल्या एका द्रव्याची भर पडते. म्हणजे 'मातीचा वास' हा देखील मातीचा नव्हेच, मातींत नांदणाऱ्यांचा आहे. कनोजचे अत्तारी तो पिढ्यान् पिढ्या कुपींत भरीत आले आहेत. त्यांना हें ठाऊक नव्हतें म्हणून अत्तर कांहीं कमी प्रतीचें झालें नाहीं.

शास्त्रज्ञांचें ऐकून झालें. आतां निसर्गानें व व्यवहारानें आपोआपच जे प्रयोग करून ठेविले आहेत ते पाहूं. किमेरिजियनचा थर शाब्लींत सुरू होऊन शाब्लींत संपत नाहीं. तो नैर्ऋत्येस ल्वार नदीजवळच्या सांसेर गांवाच्या टेकड्यांत पुन्हां वर येतो, आणि ईशान्येस ओब जिल्ह्यांत, म्हणजे शँपेनच्या मुलुखाच्या दक्षिण टोकास, येतो. तोच खडक, तींच वांकडीं कालवें. पण सांसेर येथें त्यावर सोव्हिन्यों जातीचें द्राक्ष लावतात, आणि तेथल्या वाइनीस ताज्या कापलेल्या गवताचा व हिरव्या फळांचा वास येतो. ओबमध्यें मुख्यतः पिनो नुआर हें काळें द्राक्ष लावून त्याची फेंसाळ शँपेन करतात. एका खडकाच्या तीन लेकी, आणि एकीचें तोंड दुसरीशीं जुळत नाहीं.

आतां उलट बाजू. शाब्लीच्या आग्नेयेस शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बोन शहराजवळ म्यर्सो नांवाचें गांव आहे. तेथेंहि द्राक्ष शार्दोने, तेथेंहि जमीन चुनखडीची, जरी थर निराळ्या वयाचे. म्यर्सोची पांढरी वाइन मात्र पिवळसर झांक असलेली, भरदार, लोण्याचा आणि भाजलेल्या बदामाचा वास असलेली अशी प्रसिद्ध आहे. ह्या फरकांतला कांहीं भाग ऊबेचा आहे, कारण म्यर्सो दक्षिणेस आहे आणि तेथें फळ अधिक पिकतें. राहिलेला भाग तळघरांत घडतो. तेथें आतां थोडें उतरून पाहिलें पाहिजे.

द्राक्षें तोडून आणल्यावर दाबण्याचें काम हलक्या हातानें करावें लागतें. जोर अधिक झाला तर सालींतला व बियांतला तुरटपणा रसांत उतरतो. रस रात्रभर थंड ठेवून गाळ खालीं बसूं देतात. मग यीस्ट म्हणजे किण्वाचे जीव त्यांतील साखर खाऊन तिचें मद्य करतात. रस फार थंड ठेवून हें आंबणें सावकाश होऊं दिलें तर केळ्यासारखे व पेअरसारखे फळांचे वास राहतात. थोडी ऊब दिली तर ते उडून जातात. कितीशा अंशावर ठेवावें, हा निर्णय माती करीत नाहीं.

पण खरी मेख पुढें आहे, आणि ती आपल्या घरांतल्या गृहिणींना आमच्यापेक्षां लवकर समजेल. हें पहिलें आंबणें संपलें कीं दुसरें एक आंबणें होऊं शकतें, आणि तें विरजणाच्या जातीचें आहे. द्राक्षांत मॅलिक नांवाचें अम्ल असतें. हिरव्या सफरचंदाचा दांत आंबवणारा आंबटपणा तो ह्याचाच. एक प्रकारचे सूक्ष्म जंतु, जे दह्याच्या जंतूंचे दूरचे भाऊबंद लागतात, त्या अम्लाचें दुग्धाम्ल बनवितात, म्हणजे दह्यांतलें अम्ल. त्यामुळें वाइनीची धार बोथट होऊन ती जिभेला गुळगुळीत लागते. त्याबरोबरच डायअॅसिटिल नांवाचें एक द्रव्यहि तयार होतें. ताक घुसळून काढलेल्या घरच्या लोण्याला जो खमंग वास येतो त्यांत ह्याचाच वांटा मोठा. म्यर्सोच्या पेल्यांतलें 'लोणी' ज्याला म्हणतात तें हें. तेथील गाईंचा त्याशीं संबंध नाहीं, आणि मातीचाहि नाहीं.

शाब्लींतहि हें दुसरें आंबणें बहुतेक ठिकाणीं होऊं देतात, नाहींतर त्या थंड मुलुखांतला आंबटपणा सोसवणार नाहीं. मात्र वाइन कांहीं काळ किण्वाच्या जिवंत साक्यावर ठेविली कीं तें किण्व डायअॅसिटिल खाऊन टाकतें आणि लोण्याचा वास मावळतो. आपल्याकडे नाशिकच्या काळ्या बसाल्ट खडकाच्या प्रदेशांत सुमारें २००० सालापासून जी पांढरी वाइन होऊं लागली आहे, तिची अडचण नेमकी उलट. तेथें द्राक्षें जानेवारी ते मार्चच्या सुमारास पिकतात, आणि उन्हानें मॅलिक अम्ल वेलीवरच जळून जातें. सोव्हिन्योंसारख्या जातींत मग उरलेली आंबटाई राखण्यासाठीं दुसरें आंबणें सामान्यतः होऊंच देत नाहींत. थंड देशांत जी गोष्ट करावी लागते ती ऊन देशांत टाळावी लागते. कारागिराची बुद्धि हवामानाशीं अशी बांधलेली आहे.

राहतां राहिलें भांडें. म्यर्सोंत २२८ लिटरांचीं ओकच्या लांकडाचीं पिंपें वापरण्याचा रिवाज आहे. पिंप नवें असलें तर आंतून शेकलेल्या लांकडाचा व्हॅनिलासारखा, भाजक्या मेव्यासारखा वास वाइनींत उतरतो. जुनें असलें तर वास उतरत नाहीं, परंतु फळ्यांच्या फटींतून हवेचा सूक्ष्म वावर चालू राहतो आणि वाइन गोलाईस येते. पुष्कळ कारागीर काठीनें तळचा साका ढवळीत राहतात, त्यानें ती आणखी भरदार होते. शाब्लींतील बहुतेक वाइन आज स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत होते. त्यांतून ना वास येत, ना हवा. म्हणून तिची धार शाबूत राहते, आणि चाखणारा म्हणतो, 'पाहा, खडक बोलतो आहे !'

येथें एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे, जी ह्या विषयावरील प्रशंसापर लेखांत सहसा कोणी सांगत नाहीं. स्टीलच्या टाक्या शाब्लींत आल्या त्या १९६० नंतरच्या काळांत. त्यापूर्वीं शतकानुशतकें तेथें फय्येत नांवाचीं १३२ लिटरांचीं लहान लांकडी पिंपें चालत. म्हणजे आज ज्या स्वच्छ, पोलादी चवीस लोक पंधरा कोटि वर्षांची पुराणी म्हणून वाखाणतात, ती ज्या भांड्यांत तयार होते त्याचें वय आमच्या पिढींतील माणसांएवढें आहे.

मग मातीचा गुण ही सारी कविकल्पनाच समजावी काय? तसें आम्ही म्हणत नाहीं, आणि मॉल्टमनहि म्हणत नाहींत. मातीचें काम चालतें, परंतु तें चवीची पुडी बांधून देण्याचें नसून वेलीचें पोषण, तहान आणि ऊब ठरविण्याचें आहे. किमेरिजियन थरांतील चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि चुनखडीच्या भेगा जादा पाण्याला वाट देतात. वेल तहानेनें वाळत नाहीं आणि पाण्यानें माजतहि नाहीं. याहून महत्त्वाची गोष्ट उताराची. वर टणक थर आणि खालीं मऊ थर असला कीं मऊ थर झिजत जातो आणि टेकडीला लांब, तिरपी कूस येते. ४८ अक्षांशाजवळच्या त्या देशांत सूर्य फारसा वर चढत नाहीं. तेथें नैर्ऋत्येकडे कललेल्या जमिनीला सपाटीपेक्षां किती अधिक ऊब मिळत असेल, हें उन्हांत वाळवण घालतांना ताट तिरपें ठेवणारी कोणीहि गृहिणी सांगूं शकेल. माथ्यावर वारा झोंबतो, माती पातळ असते, आणि फळ कच्चें राहतें. तेव्हां किमेरिजियनची रेघ ही खडकाची रेघ खरी, पण ती त्याबरोबर उताराची आणि उन्हाचीहि रेघ आहे. जुन्या साधूंनीं बागा बरोबर जागीं लाविल्या. त्यांचें कारण तेवढें मागाहून लोकांनीं चुकीचें लाविलें.

चुनखडीचा धाक किती खरा आहे, हें फिलॉक्सेरा नांवाच्या मुळें खाणाऱ्या किडीच्या वेळीं दिसून आलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिनें फ्रान्सच्या बागा उध्वस्त केल्या. शाब्लीच्या परिसरांत ती १८८७ च्या सुमारास पोंचली. अमेरिकेंतील रानटी वेलीच्या मुळांना ही कीड मारूं शकत नाहीं, म्हणून त्या मुळांवर फ्रेंच वेलींचीं कलमें बांधण्याचा उपाय निघाला. परंतु त्यांतील पुष्कळ मुळें चुनखडीच्या जमिनींत टिकेनात. पानें पिवळीं पडून वेल झुरूं लागे. तेव्हां १८८७ सालीं प्येर व्हियाला ह्या शास्त्रज्ञास सरकारनें अमेरिकेस धाडलें, आणि टेक्सासमधील मन्सन ह्या द्राक्षतज्ज्ञाच्या साह्यानें त्याला तिकडच्या चुनखडीवरच वाढणारी बर्लांडिएरी जात मिळाली. त्या जातीच्या संकरांनीं चुनखडीच्या मुलुखांतील बागा सांवरल्या. माती नको म्हणाली तर वेल जगत नाहीं, इतका मातीचा अधिकार निर्विवाद आहे.

आतां ह्या सर्वांत माणसांच्या पोटापाण्याचा संबंध कसा येतो तें पाहूं. १९०८ सालीं शँपेनची हद्द ठरविण्यांत आली तेव्हां वर सांगितलेला ओब जिल्हा तिच्या बाहेर राहिला. १९११ सालीं तेथील शेतकरी रस्त्यावर उतरले, आणि १९२७ च्या कायद्यानंतरच त्यांना कायमचें आंत घेण्यांत आलें. शाब्लीची हद्द १९३८ सालीं ठरली, आणि तिचा पाया होता किमेरिजियन खडक. पण त्या वेळीं भांडण्यासारखें फारसें उरलेंच नव्हतें. कीड, दक्षिणेकडून आगगाडीनें येणारी स्वस्त वाइन, दोन महायुद्धें आणि वसंतांतील हिम यांनीं बागा इतक्या खंगल्या कीं, विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांचें क्षेत्र जेमतेम ५०० हेक्टर राहिलें होतें. पुढें दिवस पालटले, परदेशांतून मागणी आली, आणि १९७० च्या दशकांत प्रश्न उभा राहिला : माथ्यावरील पोर्टलंडियन जमिनीस शाब्ली म्हणूं द्यावें कीं नाहीं?

गांवांत दोन तट पडले. किमेरिजियनची सोंवळी रेघ राखणाऱ्यांचे पुढारी विल्यम फेव्र. ग्राँ क्रूमधील सर्वांत अधिक जमीन त्यांच्या मालकीची होती. हद्द वाढवावी म्हणणाऱ्यांचे पुढारी जां द्युरुप. उतार आणि सूर्यप्रकाश सारखा असेल तर खडकाच्या वयावरून शेजाऱ्याला बाहेर कां ठेवावें, असा त्यांच्या बाजूचा सवाल होता. रेघेच्या आंत आलेल्या जमिनीची किंमत आणि रेघेबाहेर राहिलेल्या जमिनीची किंमत यांत जें अंतर पडतें तें ध्यानीं घेतलें म्हणजे घरांघरांतली बोलचाल कां बंद पडावी हें कळतें. शेवटीं सरकारी संस्थेनें हद्द वाढविणाऱ्यांच्या बाजूनें कौल दिला. आज शाब्लीचें एकूण क्षेत्र साडेपांच हजार हेक्टरांहून अधिक आहे.

ह्या तंट्यांतील विलक्षण गोष्ट निराळीच आहे. मातीच्या शुद्धतेसाठीं लढणारे फेव्र आपली वाइन नव्या ओकच्या पिंपांत घालीत, म्हणजे मातीवर सर्वांत जाड पांघरूण तेच घालीत. आणि हद्द मोडूं पाहणारे द्युरुप लांकडाला स्पर्शहि करीत नसत. मातीचा अभिमान एकीकडे आणि मातीला मोकळी ठेवणारा हात दुसरीकडे, अशी ही अदलाबदल झाली होती. आमच्या मतें दोघेहि लबाड नव्हते. फेव्र यांना वाटे, उत्तम माती असेल तर ती लांकडालाहि पुरून उरेल. १९९८ सालीं त्यांचा व्यवसाय शँपेनमधील जोझेफ आंरियो यांनीं घेतला, आणि लवकरच त्या तळघरांतील नव्या पिंपांचा वापर पुष्कळच कमी झाला. त्याच मातीची वाइन चाखणाऱ्यांना एकदम निराळी लागूं लागली.

हाताचें पारडें असें जड होत असतां आम्हांला एक गोष्ट मात्र मान्य करावीशी वाटते. एकाच कारागिरानें, एकाच प्रकारच्या टाकींत, त्याच आठवड्यांत केलेल्या दोन उतारांच्या वाइनींत फरक पडतो, असें शाब्लींतील कारागीर एकमुखानें सांगतात. हात स्थिर ठेविला म्हणजेच माती दिसूं लागते. स्टीलची टाकी ही मातीची चव नव्हे. पण ती लावणाऱ्यानें आपला हात मागें घेण्याचें ठरविलें आहे, आणि तोहि हाताचाच एक गुण आहे.

नांवाचा दुरुपयोग तर सर्वत्रच झाला. अमेरिकेंत कित्येक दशकें कसल्याहि स्वस्त पांढऱ्या वाइनीला 'शाब्ली' म्हणत. शार्दोनेचा थेंब नसला तरी चाले, आणि गुलाबी रंगाची शाब्लीहि निघाली होती. २००६ च्या करारानें तेथें अशा नांवांच्या नव्या वापरास बंदी झाली, पण जुन्यांना सूट मिळाली. आपल्याकडे २०१८ सालीं कोंकणच्या हापुसास भौगोलिक नांवाचें संरक्षण मिळालें. तरी परप्रांतीय आंबा देवगडच्या पेटींत बसून बाजारांत येतोच, हें मे महिन्यांत आंबे घेणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

आणि आतां जमीन जागच्या जागीं असतांना हवाच सरकूं लागली आहे. बोन शहरीं द्राक्षतोडणीच्या तारखांची नोंद १३५४ सालापासून जुळवितां येते. ती मांडून २०१९ सालीं संशोधकांनीं दाखविलें कीं, १९८८ नंतरची तोडणी पूर्वींच्या मानानें सरासरी १३ दिवस लवकर होत आहे. कोंबहि लवकर फुटतात आणि वसंतांतील हिमांत सांपडतात. एप्रिल २०२१ मध्यें शाब्लीच्या उतारांवर रात्रीच्या रात्री मेणाचे मोठे दिवे जळत होते. कांहीं ठिकाणीं वेलींवर पाण्याचे तुषार सोडतात. प्रत्येक ग्रॅम पाणी गोठतांना ८० कॅलरी उष्णता सोडतें, आणि कोंब बर्फाच्या कवचांत शून्य अंशाजवळ जिवंत राहतो. मात्र सकाळीं बर्फ वितळूं लागेपर्यंत तुषार क्षणभरहि थांबतां कामा नयेत. इतकें करूनहि त्या वर्षीं पीक फार थोडें हातीं आलें.

पुढल्या उन्हाळ्यांतून फळ मात्र पूर्वींपेक्षां अधिक गोड आणि कमी आंबट येऊं लागलें आहे, आणि कांहीं बागाइतदार आतां माथ्यावरच्या त्या थंड, वाऱ्याच्या, धाकट्या शाब्लीच्या जमिनींकडे नव्या आशेनें पाहूं लागले आहेत.